अर्ध्या गुणाचा इतिहास

नोव्हेंबर २०२२च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत अल्झायमरच्या औषधचाचण्यांवरची वार्षिक परिषद भरली आणि तिथे लेकॅनेमॅब या औषधाचा सविस्तर निकाल मांडला गेला. आजाराच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यातले १,७९५ रुग्ण या चाचणीत होते. निम्म्यांना दर पंधरा दिवसांनी शिरेतून औषध दिलं, निम्म्यांना औषधासारखंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रावण, म्हणजे प्लासिबो. दीड वर्षाने मोजलं तेव्हा दोन्ही गटांतल्या माणसांची प्रकृती खालावलेली होती. प्लासिबोवाल्यांची घसरण सरासरी १.६६ गुणांची होती, औषधवाल्यांची १.२१ गुणांची. फरक ०.४५. अठरा गुणांच्या मोजपट्टीवर पुरता अर्धा गुणही नाही. वर्तमानपत्रांनी तो टक्क्यांत सांगितला, घसरण २७ टक्क्यांनी मंदावली म्हणून, आणि जगभर मथळे झळकले. दुसऱ्या बाजूने तितक्याच जोराने आवाज उठला, की एवढासा फरक रुग्णाला किंवा त्याच्या घरच्यांना जाणवणारसुद्धा नाही, मग हा गाजावाजा कशासाठी?

हा गुण मोजतात कसा, ते जवळून पाहिल्याशिवाय या वादात पडण्यात अर्थ नाही. मोजपट्टीचं नाव सीडीआर. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी ती १९८२ साली प्रसिद्ध केली. तिच्यात सहा खाती आहेत: स्मरण, काळवेळ आणि ठिकाणाचं भान, निर्णय घेणं, चार माणसांतला व्यवहार, घर आणि छंद, आणि स्वतःची देखभाल. प्रत्येक खात्यात शून्य म्हणजे ठीक आणि तीन म्हणजे पार गेलेलं. डॉक्टर आधी घरच्या माणसाशी वेगळं बोलतात: गेल्या आठवड्यात काही खास घडलं का, कुठे गेला होतात, कोण कोण भेटलं? मग रुग्णाला एकट्याला बसवून त्याच प्रसंगाबद्दल विचारतात. दोन उत्तरांमधल्या अंतरातून गुण ठरतो. स्मरणाच्या खात्यात अर्धा गुण म्हणजे विसरणं आहे, पण सौम्य, अधूनमधून धागा सुटतो आणि परत सापडतो. एक गुण म्हणजे ताज्या गोष्टी टिकतच नाहीत आणि रोजच्या कामात अडथळा येतो. किराणा आणायला एकटं पाठवता येणं आणि न येणं, पैशांचा हिशोब जमणं आणि तो दुसऱ्याने तपासावा लागणं, असली स्थित्यंतरं या अर्ध्या गुणांत दडलेली असतात. चाचणी सुरू झाली तेव्हा या लोकांचे गुण सरासरी ३.२ होते. म्हणजे आजार उंबरठा ओलांडून घरात आला होता, पण अजून त्याने माजघर गाठलं नव्हतं.

माझं म्हणणं असं, की हा ०.४५चा आकडा दोन वेगवेगळ्या प्रश्नांचं उत्तर आहे. पहिला प्रश्न विज्ञानाचा: मेंदूत साचणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन हे या आजाराचं कारण आहे, की आजार होऊन गेल्याची नुसती खूण? त्या प्रश्नाला मिळालेलं उत्तर मोठं आहे, आणि ते मिळायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. दुसरा प्रश्न रुग्णाचा: माझं काय? त्याला मिळालेलं उत्तर तोकडं आहे. पहिल्या उत्तराचा मोठेपणा दुसऱ्याच्या अंगावर चढवला, की रुग्णाची फसगत होते. दुसऱ्याचा तोकडेपणा पहिल्यावर लादला, की हाती आलेलं ज्ञान आपण स्वतःच फेकून देतो. गेल्या तीन-चार दशकांत या दोन्ही चुका झाल्या आहेत, आणि या औषधांचा इतिहास म्हणजे बराचसा त्या चुकांचाच इतिहास आहे.

आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हणतात. तीच समजूत विसाव्या शतकात बराच काळ पाश्चात्त्य वैद्यकातही होती. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्युबिंगनमधल्या सभेत पन्नाशीत स्मृती गमावलेल्या एका बाईच्या मेंदूचं वर्णन केलं: पेशींच्या बाहेर साचलेले गोळे आणि पेशींच्या आत वळलेल्या तंतूंच्या गुंतवळी. एमिल क्रेपेलिन यांनी १९१०च्या आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमरचं नाव दिलं, पण तो म्हातारपणाआधीच होणारा दुर्मीळ रोग मानला गेला. सत्तरी-ऐंशीतल्या माणसाचं विसरणं म्हणजे म्हातारपण, त्यावर औषध कसलं? न्यूरॉलॉजिस्ट रॉबर्ट कॅट्झमन यांनी १९७६ साली एका संपादकीयात ठामपणे मांडलं, की हे दोन आजार नाहीत, एकच आहे, आणि तो लाखो लोकांचे बळी घेतो आहे. तेव्हापासून म्हातारचळ हा रोग ठरला, आणि रोग म्हटल्यावर त्याचं कारण शोधणं आलं.

ते शोधण्यात पहिलं मोठं पाऊल सॅन दिएगोच्या जॉर्ज ग्लेनर यांचं. केन वाँग यांच्यासोबत त्यांनी १९८४ साली रुग्णांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांत साचलेलं प्रथिन वेगळं काढून त्याची रचना वाचली. ते बीटा अमायलॉइड. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांच्या मेंदूतही तेच प्रथिन असल्याचं त्यांनी लगोलग दाखवलं. डाउन सिंड्रोममध्ये एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीनदा असतं, आणि अशा व्यक्तींच्या मेंदूत चाळिशीतच अल्झायमरच्या खुणा दिसू लागतात. हे प्रथिन ज्या जनुकातून बनतं ते एकविसाव्या गुणसूत्रावरच असल्याचं १९८७ साली कळलं. दरम्यान इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या एका बाईने लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातल्या संशोधकांना पत्र लिहिलं होतं: माझ्या वडिलांना आणि त्यांच्या भावंडांपैकी काहींना हा आजार आहे, आमच्या घराण्याचा तुम्हाला उपयोग होईल का? त्या घराण्याच्या रक्तातून जॉन हार्डी, अ‍ॅलिसन गोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९१ साली त्याच जनुकातला एक बदल सापडला. एका अक्षराचा बदल, पण ज्याच्या वाट्याला तो आला त्याला आजार आला. पत्र लिहिणाऱ्या बाईंनाही पन्नाशीत तो जडला. २०२४ साली त्या गेल्या. हार्डी आणि जेराल्ड हिगिन्स यांनी १९९२ साली या सगळ्याची एक साखळी मांडली: अमायलॉइड साचतं, त्यातून टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुंतवळी होतात, पेशी मरतात आणि मग स्मृती जाते.

अमायलॉइडवर टीका करणारे बहुतेकदा पुराव्याच्या या भागाला बगल देतात, म्हणून तो इथे जरा विस्ताराने सांगितला. मेंदूत एखादी गोष्ट साचलेली दिसली, तर ती राख असू शकते. आग दुसरीकडेच लागलेली असू शकते. पण जनुक जन्मापासून असतं, ते आजाराचा परिणाम असू शकत नाही. आणि उलट दिशेचा पुरावाही आहे. आइसलंडमधल्या संशोधकांनी २०१२ साली याच जनुकातला एक दुर्मीळ बदल प्रसिद्ध केला. त्याने अमायलॉइडची निर्मिती सुमारे चाळीस टक्क्यांनी घटते, आणि तो बदल असलेल्या वृद्धांना अल्झायमर होण्याची शक्यता खूपच कमी असते. वाढवलं की रोग, घटवलं की संरक्षण. वैद्यकात कारण सिद्ध करायला इतका सरळ पुरावा क्वचितच हाती लागतो. मात्र कारण सापडणं आणि ते काढून टाकल्यावर रोग थांबणं, या दोन गोष्टी एक नव्हेत. १९९२ नंतरची तीस वर्षं नेमकी या फटीत गेली.

१९९९ साली कॅलिफोर्नियातल्या इलान कंपनीचे डेल शेंक यांनी एक साधी पण धाडसी कल्पना करून पाहिली. मानवी जनुक घातलेल्या उंदरांना त्यांनी अमायलॉइडचीच लस टोचली. लहान उंदरांच्या मेंदूत गोळे झालेच नाहीत, वयस्कर उंदरांमधले कमी झाले. लगेच माणसांवर चाचणी सुरू झाली आणि जानेवारी २००२ मध्ये ती थांबवावी लागली. लस घेतलेल्या सुमारे तीनशे जणांपैकी अठरा जणांना मेंदूची आणि त्याच्या आवरणाची दाहक सूज आली होती. पुढे वर्षांमागून वर्षं जात राहिली, त्यातले काही रुग्ण वारले आणि ब्रिटिश डॉक्टरांनी त्यांचे मेंदू तपासले. २००८ साली प्रसिद्ध झालेला तो निबंध आजही वाचताना थांबायला लावतो. दोन रुग्णांच्या मेंदूतले गोळे जवळजवळ पूर्ण पुसले गेले होते. लशीने तिचं काम चोख केलं होतं. आणि तरीही दोघेही तीव्र स्मृतिभ्रंशाच्या अवस्थेतच गेले होते.

याचे दोन अर्थ लावता येतात. एक, अमायलॉइड निर्दोष आहे, खटला बंद करा. दुसरा, ठिणगी विझवायला आपण गेलो तेव्हा वणवा पेटून गेला होता. त्या मेंदूंत टाऊच्या गुंतवळी तशाच होत्या. पहिला अर्थ मोह पाडणारा आहे, कारण तो साधा आहे. पण जनुकांच्या पुराव्यापुढे तो टिकत नाही, आणि २०१२ साली त्याच्याविरुद्ध आणखी एक साक्ष मिळाली. ज्या घराण्यांत आजार कोणत्या वयात येणार हे जवळजवळ ठाऊक असतं, तिथल्या निरोगी माणसांची तपासणी करून सेंट लुइसच्या रँडल बेटमन यांच्या गटाने दाखवलं, की लक्षणांच्या पंधरा वर्षं आधी अमायलॉइड स्कॅनमध्ये दिसू लागतं आणि पाठीच्या कण्यातल्या द्रवातले बदल त्याच्याही आधी सुरू होतात. म्हणजे विसरायला लागलेला माणूस डॉक्टरांकडे येतो तो आजाराच्या सुरुवातीला नव्हे, त्याच्या उत्तरार्धात.

लस थांबवल्यानंतरची दहा-पंधरा वर्षं अपयशांची. वर्तमानपत्रांत ती एकाखाली एक यादीसारखी छापली जात आणि वाचणाऱ्याला वाटे, तीच भिंत, तेच डोकं. पण यादीतल्या प्रत्येक नावापाशी क्षणभर थांबलं, तर वेगळंच दिसतं. बॅपिन्युझुमॅब २०१२ साली अपयशी ठरलं. नंतर स्कॅन तपासले तेव्हा कळलं, की आनुवंशिक धोका नसलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांच्या मेंदूत अमायलॉइड नव्हतंच. नसलेली वस्तू काढण्याचं औषध त्यांना दिलं गेलं होतं. सोलानेझुमॅब २०१६ मध्ये तिसऱ्यांदा हरलं, पण ते सुट्या, विरघळलेल्या प्रथिनाला धरत होतं. साचलेल्या गोळ्यांना त्याने हातही लावला नव्हता. सेमागासेस्टॅट आणि व्हेरुबेसेस्टॅट ही प्रथिनाची निर्मितीच रोखणारी औषधं होती. त्यांनी रुग्णांची स्थिती आणखी बिघडवली, कारण ज्या विकरांना ती अडवत होती ती शरीरात इतरही कामं करतात. म्हणजे अमायलॉइड काढून उपयोग होत नाही, असं दहा वेळा सिद्ध झालं, हे म्हणणंच चुकीचं आहे. यातल्या बहुतेक चाचण्यांत ते पुरेसं निघालंच नव्हतं, किंवा फार उशिरा निघालं होतं, किंवा मुळात तिथे नव्हतं. स्कॅनने खात्री करूनच रुग्ण निवडायचा, सुरुवातीच्या टप्प्यातला निवडायचा, आणि गोळे खरोखर गेले का हे मोजायचं, हे तीन धडे या अपयशांनी शिकवले. ते शिकवताना हजारो माणसांनी स्वतःच्या शिरा पुढे केल्या होत्या, याची नोंद कुठल्याच मथळ्यात झाली नाही.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो. 'नेचर' या नियतकालिकात २००६ साली मिनेसोटा विद्यापीठातून आलेला एक निबंध गाजला होता. अमायलॉइडच्या एका विशिष्ट रूपाने उंदरांची स्मृती जाते, असा त्याचा दावा होता. जुलै २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये पत्रकार चार्ल्स पिलर यांनी, संशोधक मॅथ्यू श्रॅग यांच्या तपासणीच्या आधारे, त्यातल्या प्रतिमांत फेरफार झाल्याचा संशय उघड केला. २०२४ साली निबंध मागे घेतला गेला. तेव्हापासून सोळा वर्षांचं सगळं संशोधन एका खोट्यावर उभं आहे, असं सर्रास म्हटलं जातं. हा राग मला समजतो. वर्षानुवर्षं पैसा आणि मान एकाच कल्पनेकडे वाहत राहिला, दाह, संसर्ग, रक्तवाहिन्या किंवा इन्सुलिन यांवर काम करणाऱ्यांना दारं बंद दिसली, आणि त्याची किंमत रुग्णांनीच मोजली. पण त्या रागातून काढलेला निष्कर्ष खरा नाही. तो निबंध एका ठरावीक रेणूबद्दल होता, आणि आज मान्यता मिळालेली औषधं त्या रेणूवर बेतलेली नाहीत. ग्लेनर यांचं काम त्याच्या बावीस वर्षं आधीचं, नॉटिंगहॅमचं पंधरा वर्षं आधीचं, आइसलंडचं त्याच्याशी संबंध नसलेलं. एका खोलीतला खांब पोकळ निघाला म्हणून सगळं घर पोकळ ठरत नाही. तो पोकळ खांब दिसायला सोळा वर्षं लागली, हा मात्र विज्ञानाच्या कारभारावरचा डाग आहे, आणि तो पुसण्याची घाई कोणी करू नये.

याहून मोठं नुकसान, माझ्या मते, २०२१ साली झालं, आणि ते कोणी खोटी चित्रं जोडून केलेलं नव्हतं. झुरिकचे रॉजर निट्श थांबवलेल्या लशीच्या रुग्णांचा पाठपुरावा करत होते. ज्यांच्या शरीरात लशीमुळे प्रतिपिंडं तयार झाली, त्यांची घसरण संथ असल्याचं त्यांना दिसलं. म्हणून त्यांच्या गटाने बुद्धी शाबूत असलेल्या वृद्धांच्या रक्तातून असंच एक नैसर्गिक प्रतिपिंड शोधलं. ते अ‍ॅड्युकॅनुमॅब. बायोजेन कंपनीच्या हाती आलेलं हे औषध गोळे खरोखर साफ करत होतं. मार्च २०१९ मध्ये यश येणार नाही असा अंदाज निघाल्याने दोन्ही मोठ्या चाचण्या थांबवल्या गेल्या. ऑक्टोबरमध्ये कंपनीने सांगितलं, की उरलेली आकडेवारी मिळवल्यावर एका चाचणीत फायदा दिसतो. दुसरीत दिसत नव्हता. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागारांना विचारलं गेलं, की त्या एका चाचणीला परिणामाचा मुख्य पुरावा मानावं का? अकरापैकी दहा जण नाही म्हणाले, एकाने अनिश्चित म्हटलं, हो कोणीच म्हटलं नाही. तरी ७ जून २०२१ रोजी औषधाला मान्यता मिळाली. आधार हा, की गोळे कमी होतात, म्हणजे रुग्णाला फायदा होण्याची शक्यता आहे. तीन सल्लागारांनी राजीनामे दिले. वर्षाची किंमत ठरली ५६,००० डॉलर. अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा मासिक हप्ता पुढच्या वर्षासाठी १४८.५० वरून १७०.१० डॉलरवर गेला, आणि त्यातली सुमारे निम्मी वाढ या एका औषधाच्या संभाव्य खर्चापोटी होती. म्हणजे ज्यांना हा आजार नव्हता त्या वृद्धांच्या निवृत्तिवेतनालाही झळ पोहोचली. विज्ञानाच्या प्रश्नाचं अर्धवट उत्तर रुग्णाच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर म्हणून विकलं गेलं, ते इथे. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने औषध बंद करत असल्याचं जाहीर केलं. तोवर पुढच्या, अधिक चांगल्या औषधाकडेही लोक संशयानेच पाहू लागले होते.

ते पुढचं औषध, लेकॅनेमॅब, उत्तर स्वीडनमधल्या एका कुटुंबातून आलं. उप्साला विद्यापीठाचे लार्स लानफेल्ट यांच्या गटाने २००१ साली त्या कुटुंबातला बदल प्रसिद्ध केला. तिथल्या उत्तरेवरून त्याला आर्क्टिक बदल म्हणतात. त्याची गंमत अशी, की या कुटुंबात प्रथिन वाढत नव्हतं, ते लवकर एकमेकांना चिकटून लांबट, अजून विरघळलेले पुंजके बनवत होतं. लानफेल्ट यांनी ठरवलं, की गोळ्यांच्या आधीच्या या पुंजक्यांना धरणारं प्रतिपिंड बनवायचं. बायोआर्क्टिक ही छोटी कंपनी त्यांनी त्यासाठी स्थापली, पुढे जपानच्या एसायने ते हाती घेतलं. ८५६ जणांवरच्या चाचणीत बाराव्या महिन्याचं ठरवलेलं लक्ष्य हुकलं, अठराव्या महिन्यात मात्र फरक दिसला, आणि म्हणून ती अठरा महिन्यांची मोठी चाचणी आखली गेली. तिचाच निकाल तो अर्धा गुण. वर्षभराच्या आत लिली कंपनीच्या डोनानेमॅबने स्वतंत्र चाचणीत त्याच दिशेचा निकाल दिला. १,७३६ रुग्णांमध्ये ज्यांच्या मेंदूत टाऊ कमी किंवा मध्यम होतं, त्यांची घसरण एका मोजपट्टीवर ३५ टक्क्यांनी मंदावली. टाऊ जास्त असलेल्यांना धरून मोजलं तर फायदा २२ टक्क्यांवर येतो. २००८च्या त्या दोन मेंदूंनी जे सुचवलं होतं, तेच इथे जिवंत माणसांत दिसलं: वणवा पसरलेला असला, की ठिणगीचं औषध फिकं पडतं. वेगळी प्रयोगशाळा, वेगळी कंपनी, प्रथिनाचं वेगळं रूप, आणि तरी उत्तर एकच. म्हणून मी म्हणतो, की कारणाच्या प्रश्नाचा निकाल लागला. अमायलॉइड हे एकमेव कारण आहे असं नव्हे, पण ते कारणांच्या साखळीतली खरी कडी आहे.

आता रुग्णाचा प्रश्न. टीकाकार सांगतात, की डॉक्टरांना माणसात बदल झाल्यासारखा वाटायला या मोजपट्टीवर एक ते दोन गुणांचा फरक लागतो, ०.४५ त्याच्या खाली आहे. हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. तो उंबरठा एका माणसाची आजची आणि उद्याची स्थिती तोलायला बांधलेला आहे. दोन गटांच्या सरासरीतला फरक त्याच तराजूत घालता येत नाही, कारण सरासरीच्या आत काहींना बराच आणि काहींना शून्य फायदा झालेला असू शकतो. दीड वर्षाच्या हिशोबात हा फरक ढोबळपणे पाच महिन्यांचा येतो. प्लासिबोवर तेराव्या महिन्यात जिथे पोहोचले असते, तिथे औषधावर अठराव्या महिन्यात पोहोचले. पण आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग मला खोडता येत नाही. हे पाच महिने कोणाला मिळतील ते आधी सांगता येत नाही, औषध चालू असताना घरच्यांना ते दिसत नाहीत, कारण तुलनेला दुसरी आई घरात नसते. घसरण तर त्यांना रोज दिसते. औषध बरं करत नाही, थांबवत नाही, हे त्यांना सुरू करण्याआधीच स्वच्छ सांगायला हवं.

आणि त्याची किंमत नुसती पैशांत नाही. दर पंधरा दिवसांनी तासभर शिरेतून औषध, मधूनमधून एमआरआय, कारण प्रतिपिंड रक्तवाहिन्यांच्या भिंतीतलं अमायलॉइडही ओढून काढतं आणि मेंदूला सूज येते किंवा बारीक रक्तस्राव होतो. लेकॅनेमॅबवरच्या १२.६ टक्के लोकांत सूज दिसली. बहुतेकांना काहीच जाणवलं नाही. पण एपोई-४ या जनुकाच्या दोन प्रती असलेल्यांत हे प्रमाण जवळजवळ एक तृतीयांश होतं. डोनानेमॅबच्या चाचणीत तिघांचा मृत्यू उपचाराशी जोडला गेला. या दोन प्रतींमुळे ज्यांना हा आजार होण्याचा धोका सर्वांत जास्त, नेमक्या त्यांच्यासाठीच औषध सर्वांत धोक्याचं, असा हा पेच आहे. युरोपच्या औषध संस्थेने जुलै २०२४ मध्ये लेकॅनेमॅबला नकार दिला आणि नोव्हेंबरमध्ये या दोन प्रतीवाल्यांना वगळून होकार दिला. ब्रिटनने औषध सुरक्षित आणि परिणामकारक म्हणून परवाना दिला, पण सरकारी खर्चाने देण्याजोगा त्याचा फायदा नाही असं तिथल्या मूल्यमापन संस्थेने ठरवलं. या निर्णयांत विसंगती आहे असं अनेकांना वाटतं. मला उलट ते प्रामाणिक वाटतात: औषध काम करतं का, आणि ते घेणं परवडतं का, हे दोन प्रश्न तिथे वेगळे ठेवले गेले. २०२१ साली अमेरिकेत नेमकं हेच झालं नव्हतं.

भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे शंभरातल्या सातांहून अधिक जणांना, कुठल्या ना कुठल्या प्रकारचा स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीतून निघाला. त्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत अमायलॉइडचा स्कॅन, नियमित एमआरआय आणि पंधरवड्याची फेरी हा विचारही करता येत नाही. पण त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. ही औषधं फक्त सुरुवातीच्या टप्प्यात चालतात, आणि आपल्या घरांत तो टप्पा 'वयच झालं आता' या तीन शब्दांत निघून जातो. आजोबा वाट चुकले, आजीने गॅस तसाच सोडला, की मग दवाखाना आठवतो. 'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४च्या अहवालानुसार जगातल्या स्मृतिभ्रंशापैकी सुमारे ४५ टक्के ज्या चौदा कारणांशी जोडता येतो त्यांत अपुरं शिक्षण, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि कमी ऐकू येणं ही आहेत. कानाला यंत्र लावणं आणि रक्तदाबाची गोळी न चुकवणं ही कामं आजच्या आज करता येण्याजोगी आहेत, आणि त्यासाठी कुठल्याही प्रतिपिंडाची वाट पाहावी लागत नाही.

अल्झायमर यांनी ज्या बाईच्या मेंदूचं वर्णन केलं, त्यांचं नाव आउगुस्ट डेटर. नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात त्यांना आणलं तेव्हा त्या ५१ वर्षांच्या होत्या. हरवलेली त्यांची फाइल १९९५ साली फ्रँकफर्टमध्ये सापडली. नाव काय, विचारलं तर त्या म्हणाल्या आउगुस्ट. आडनाव? आउगुस्ट. नवऱ्याचं नाव? थोडं थांबून, बहुधा आउगुस्ट. जेवणाच्या ताटात फ्लॉवर आणि मांस होतं. काय खाताय, तर म्हणाल्या पालक. नाव लिहून दाखवा म्हटल्यावर 'श्रीमती' एवढंच उमटलं, पुढचं डॉक्टरांना आठवून द्यावं लागलं. आज त्या कुठल्याही आधुनिक रुग्णालयात आल्या असत्या, तर लेकॅनेमॅब न देताच त्यांना परत पाठवलं गेलं असतं, कारण ते औषध सुरू करण्याची वेळ टळून गेली होती. रेल्वेत नोकरी करणाऱ्या त्यांच्या नवऱ्याला बदल काही महिने आधीच जाणवू लागला होता, आणि तेव्हाही कदाचित उशीर झालाच होता. बेटमन यांच्या गटाच्या हिशोबाने त्यांच्या मेंदूत अमायलॉइड साचायला १८८०च्या दशकात सुरुवात झाली असावी, त्या पस्तिशीत असताना, घर, स्वयंपाक आणि हिशोब सगळं हाताखाली सुरळीत चालू असताना. लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब या दोन्हींच्या चाचण्या, मेंदूत अमायलॉइड साचायला लागलंय पण विसरणं अजून सुरू झालेलं नाही, अशा लोकांवरही हाती घेतल्या गेल्या आहेत. त्यांत नाव नोंदवलेली माणसं स्वतःचं नाव न अडखळता लिहू शकतात.